पहाटेचा निकाल, जानेवारीची मुदत आणि सातबारा

अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांच्या ‘अर्ली’ फेरीचे निकाल डिसेंबरच्या मध्याला येतात. तिकडे संध्याकाळी सातला पोर्टल उघडतं, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी या निकालांबद्दलचीच आहेत, म्हणून या अंकात मुख्यतः तीच घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. ‘अर्ली डिसिजन’ हा बांधील अर्ज. तो एकाच विद्यापीठाला करता येतो आणि प्रवेश मिळाला तर तिथंच जाईन, असं विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांनी सही करून दिलेलं असतं. ‘अर्ली ॲक्शन’ बांधील नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची ‘रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन’ या दोन्हींच्या मधली: प्रवेश मिळाला तरी जाण्याचं बंधन नाही, पण त्या फेरीत अमेरिकेतल्या दुसऱ्या खासगी विद्यापीठाला अर्ली अर्ज करायचा नाही. निकाल तीन प्रकारचे: प्रवेश, नकार किंवा ‘डिफर’. डिफर म्हणजे अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा वाचणार आणि अंतिम उत्तर मार्चमध्ये देणार.

प्रश्न: मी लातूरला बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. येलला अर्ली अर्ज केला होता, डिफर झालो. घरचे म्हणतात, हा गोड शब्दांतला नकारच आहे. आता काही करण्यासारखं आहे, की सरळ जेईईवर लक्ष द्यावं?

नकार द्यायचा असता तर त्यांनी तो त्याच पहाटे दिला असता. दरवर्षी हजारो जणांना ते तसा देतातच. पण आशा बेतानं ठेव. या विद्यापीठांत शंभर अर्जांमागे चार-पाच जणांनाच प्रवेश मिळतो आणि डिफर झालेल्यांपैकी मार्चमध्ये आत येणारे थोडेच असतात.

आधी डिफरचं पत्र शेवटपर्यंत वाच. पुढे काय पाठवायचं आणि कुठून पाठवायचं, ते प्रत्येक विद्यापीठ वेगळं सांगतं. कुणी पोर्टलवर पत्र अपलोड करू देतं, एमआयटीसारखं कुणी फेब्रुवारीत भरायचा स्वतःचा फॉर्म देतं, कुणी जादा काहीच नको म्हणतं. नको म्हटलं असेल तर पाठवायचं नाही. तिथं उत्साह दाखवणं म्हणजे सूचना न वाचल्याचा पुरावा देणं.

पत्र पाठवायला परवानगी असेल तर ते निकालाच्या दिवशी लिहू नकोस. त्या दिवशीच्या पत्रात ‘मला खूप यायचंय’ याखेरीज नवं काही नसतं. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. लांबी अडीचशे ते साडेतीनशे शब्द. पहिल्या दोन ओळींत, प्रवेश मिळाला तर येणार की नाही ते स्पष्ट सांग, आणि खरं असेल तरच ‘येणार’ लिही. मधला सगळा भाग अर्ज गेल्यावर, म्हणजे १ नोव्हेंबरनंतर, काय नवं घडलं त्याचा. अर्जात समजा तू गावातल्या विंधन विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजतो असं लिहिलं होतंस, तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या नोंदी काय सांगतात, कुठल्या विहिरीत अंदाज चुकला आणि का, हे लिही. शेवटी त्या विद्यापीठातली एखादी नेमकी गोष्ट या कामाशी जोड. अर्जातलाच निबंध वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिला, तर वाचणाऱ्याच्या ते पहिल्या परिच्छेदातच लक्षात येतं.

आमदार, खासदार, संस्थेचे अध्यक्ष यांची शिफारसपत्रं पाठवू नकोस. आपल्याकडे पत्राचं वजन सही करणाऱ्याच्या पदावरून ठरतं. तिथं पाहतात की लिहिणाऱ्यानं या मुलाला वर्गात, प्रयोगशाळेत किंवा कामावर किती पाहिलं आहे. प्रश्नमंजूषेतल्या सहभागाची प्रमाणपत्रंही नकोत. एखाद्या शिक्षकाकडे खरोखर नवं सांगण्यासारखं असेल आणि विद्यापीठ चालवून घेत असेल, तर एक जादा शिफारसपत्र ठीक आहे.

पत्रापेक्षा ‘मिड-इयर रिपोर्ट’ जास्त वजनदार. तो तुझं कॉलेज पाठवतं आणि त्यात बारावीचे आतापर्यंतचे गुण असतात: सहामाहीचे आणि झाली असेल तर सराव परीक्षेचे. आपल्याकडे बरीच मुलं बोर्डाच्या तयारीसाठी कॉलेजची सराव परीक्षा बुडवतात. यंदा तू बुडवू नकोस. या परीक्षेचे पेपर कडक तपासले जात असतील तर ते कॉलेजनं रिपोर्टसोबत लिहावं (या अंकातलं शेवटचं उत्तर तुझ्या सरांना दाखव).

नेहमीच्या फेरीचे अर्ज आता लगेच कर. मुदती बहुतेक १ ते ५ जानेवारीच्या. अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या ‘कॉमन ॲप’ या वेबसाइटवर एकूण २० विद्यापीठं बसतात आणि मुदत तुझ्या इथल्या घड्याळानं रात्री ११:५९ ची असते. तरीही शेवटच्या रात्रीवर ठेवू नकोस, कारण अडतं ते पैसे भरताना. बहुतेक डेबिट कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १०० डॉलर. परवडत नसेल तर फीमाफी मागता येते आणि ती मागितल्यानं अर्ज हलका ठरत नाही.

‘अर्ली डिसिजन टू’ नावाची दुसरी बांधील फेरीही असते. शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट, टफ्ट्स, स्वार्थमोर अशांची. मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत. येलमधून डिफर झालेल्याला ती खुली आहे, पण तिथं प्रवेश मिळाला की येलचा अर्ज मागे घ्यावा लागेल. पैशाचा हिशोब मांडल्याशिवाय त्यात उतरू नये.

जेईईचं म्हणशील तर निवड करायची गरजच नाही. ५ जानेवारीला अर्ज संपतात, पत्राला एक संध्याकाळ लागते. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीच्या उत्तरार्धात आणि बोर्डाचे पेपर फेब्रुवारीत. मधले दिवस पूर्ण अभ्यासाचे आहेत.

प्रश्न: आम्ही केज तालुक्यातले शेतकरी. मुलाला अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला, बरीच आर्थिक मदतही मिळाली. तरी वर्षाला आम्ही १८,००० डॉलर भरायचे, असं पत्र म्हणतं. तेवढी आमची वर्षाची कमाईही नाही. नाही म्हटलं तर करार मोडल्याचा ठपका बसेल का?

करारातच तुमच्यासाठी वाट ठेवलेली आहे. आर्थिक मदतीसाठी अर्ज केलेला असेल आणि मिळालेली मदत प्रवेश शक्य होईल इतकी नसेल, तर विद्यार्थी प्रवेश नाकारू शकतो आणि बंधनातून मोकळा होतो. त्याचा ठपका बसत नाही. पण ‘आणखी कुणी जास्त देतंय का बघू’ म्हणून प्रवेश धरून ठेवणं आणि बाकीचे अर्ज चालू ठेवणं मात्र चालत नाही.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करा. ती मुलानं लिहावी, तुम्हाला प्रत पाठवावी. फेरविचार मागत आहोत, कागद जोडले आहेत, आणि उत्तर येईपर्यंत होकाराची मुदत वाढवून मिळावी, एवढं लेखी मागा. बाकीच्या विद्यापीठांचे अर्ज मागे घेण्याबद्दल काय करायचं तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. जानेवारीचे अर्ज तयार ठेवा.

आता १८,००० चा आकडा मोडून बघा. डॉलरला ९० रुपये धरले तर वर्षाला १६ लाख २० हजार, चार वर्षांना ६४ लाख ८० हजार. फी दरवर्षी थोडी वाढते हे त्यात धरलेलं नाही. पत्रातल्या एकूण खर्चात विद्यापीठ थेट बिल करतं तो भाग वेगळा (शिक्षणाची फी, राहणं, जेवण) आणि पुस्तकं, विमान, किरकोळ खर्च हा अंदाजाचा भाग वेगळा. मदतीत ‘कॅम्पस जॉब’ म्हणून दोन-तीन हजार डॉलर दाखवले असतील तर ते ऑगस्टच्या बिलातून वजा होत नाहीत. काम केल्यावर पगार म्हणून हळूहळू मिळतात, आणि विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. आणखी एक खर्च कुणी आधी सांगत नाही: राहण्याजेवणासाठी मिळालेल्या मदतीवर अमेरिकेत कर लागतो आणि विद्यापीठ तो साधारणपणे १४ टक्क्यांनी कापून घेतं. भारत-अमेरिका कर करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, म्हणून त्यातला काही भाग रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो, पण पुढच्या वर्षी.

हा आकडा एवढा मोठा का आला असावा? आर्थिक मदतीसाठी कुटुंबाची कमाई आणि मालमत्ता भरायचा फॉर्म म्हणजे सीएसएस प्रोफाइल. शेतकरी कुटुंबांच्या या फॉर्ममध्ये ठरावीक जागी घोटाळा होतो. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यानं आयटी रिटर्न एक तर नसतं किंवा त्यात पगार-व्याजच दिसतं. मग कार्यालयाला शंका येते की बाकीचं लपवलंय. उलट काही जण बाजार समितीतल्या पट्टीवरची सगळी विक्री उत्पन्न म्हणून भरतात, बियाणं-खत-मजुरीचा खर्च वजाच करत नाहीत. सगळ्यात मोठी चूक सातबाऱ्याची. आजोबांच्या नावावर किंवा भावाभावांत सामाईक असलेली दहा एकर जमीन एकट्या वडिलांची मालमत्ता म्हणून भरली, की कागदावर कुटुंब श्रीमंत होतं. आठ-अ उताऱ्यावर खातं सामाईक दिसतं, ते जोडा आणि तुमचा हिस्सा एका ओळीत लिहा.

म्हणून फेरविचाराच्या ईमेलसोबत हे जोडा: सातबारा आणि आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दोन वर्षांच्या सोयाबीन-कापूस-तुरीच्या पट्ट्या, खर्चाचा एक पानी तक्ता, पीककर्जाचा बँकेचा उतारा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पीक गेलं असेल तर पंचनाम्याची प्रत आणि अनुदान जमा झाल्याची पासबुकातली नोंद फार उपयोगाची. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं हे एका वाक्यात सांगा, नाहीतर कार्यालय दोन हंगामांची बेरीज एकाच वर्षात करून बसतं. आणि आकडे खरेच लिहा. तहसीलच्या दाखल्यावर साठ हजार आणि पट्ट्यांवर नऊ लाख, अशी जोडी पाठवली तर मदत वाढणं सोडाच, प्रवेशावरच प्रश्न येईल.

फेरविचारानंतरही जमत नसेल तर लेखी नकार द्या, कारण लिहा, आणि बंधनातून मोकळं केल्याचं उत्तर जपून ठेवा.

प्रश्न: वरच्यासारखीच तफावत आमचीही आहे. शेतजमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढता येईल का? (एक पालक, जालना जिल्हा)

बहुतेक ठिकाणी नाही. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर त्या कायद्यानं वसुली करता येत नाही. त्यामुळे शाखाधिकारी शेतजमीन म्हटल्याबरोबर मान हलवतो. एनए (बिगरशेती) प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव, एलआयसी पॉलिसी चालते. मराठवाड्यात इनाम किंवा भोगवटादार वर्ग-२ ची जमीन भरपूर. तिला परवानगीशिवाय हस्तांतर नाही, म्हणून तिच्यावर मुळीच भिस्त ठेवू नका. गावठाणातल्या घराला नुसत्या नमुना ८ च्या उताऱ्यावर बँका कां कू करतात. स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड मिळालं असेल तर ते दाखवून पाहा. काही बँका ठरावीक नामांकित विद्यापीठांसाठी तारणाशिवाय मोठं कर्ज देतात. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे शाखेत जाण्याआधी विचारा. गावची शाखा ‘असं काही नसतं’ म्हणाली तर जिल्ह्याच्या मुख्य शाखेत जा.

केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. बारावीनंतरच्या पदवीसाठी तिच्यावर विसंबू नका.

प्रश्न: मला स्टॅनफर्डनं सरळ नकार दिला. जानेवारीच्या फेरीत तिथंच पुन्हा अर्ज करू का? कारण विचारलं तर सांगतील का? (विद्यार्थिनी, नांदेड)

अर्लीत नकार मिळाला की त्या वर्षी तिथं पुन्हा अर्ज करता येत नाही. प्रत्येकाला वेगळं कारण ते सांगत नाहीत. निर्णय अंतिम असतो, फेरविचारासाठी अर्ज करायची सोय नाही. ‘माझे गुण इतके असून’ हे कारण तिथं चालत नाही.

आता उरलेल्या यादीकडे बघ. जे पत्र तू पाठवलंस त्यात उरलेली नऊच्या नऊ विद्यापीठं अशी आहेत की जिथं शंभरातले नव्वदांहून अधिक परत जातात, आणि बहुतेकांत तुला पूर्ण मदत हवी आहे. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न बघता निर्णय घेणारी विद्यापीठं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राऊन ही त्यातली. बाकीच्या ठिकाणी, स्टॅनफर्डसुद्धा, परदेशी अर्जदारानं मदत मागितली आहे हे निर्णय घेताना बघितलं जातं. पण म्हणून ‘मदत नको’ असं खोटं भरू नकोस. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर मागता येत नाही, हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे, आणि मग प्रवेशपत्र हातात असून घरी बसावं लागतं. त्यापेक्षा नऊतली तीन काढ. त्यांच्या जागी परदेशी विद्यार्थ्यांना भरीव मदत देणारी लहान लिबरल आर्ट्स कॉलेजं (मुख्यतः पदवीचंच शिक्षण देणारी, विज्ञानासह सगळे विषय असलेली) घाल आणि एक-दोन भारतातले पर्याय पक्के कर.

मुख्य निबंध एका रात्रीत नवा लिहू नकोस. नकाराच्या तिरीमिरीत लिहिलेल्या निबंधात तक्रारीचा सूर उतरतो. ‘आमचंच विद्यापीठ का’ या छोट्या उत्तरांवर वेळ घाल. तिथं जुन्या विद्यापीठाचं नाव तसंच राहून गेल्याचे किस्से दरवर्षी घडतात. फाइलमध्ये शोध घेऊन ‘स्टॅनफर्ड’ कुठं शिल्लक नाही ना, ते आधी बघ.

प्रश्न: एका सल्लागारानं तीन लाखांत ‘डिफरचं ॲडमिशन करून देतो, आत ओळख आहे’ असं सांगितलं. विश्वास ठेवावा का? (पालक, छत्रपती संभाजीनगर)

नाही. असं कुणालाच करता येत नाही. तुमच्या पोर्टलचा पासवर्ड त्यांच्याकडे असेल तर आज बदला, कारण तुमच्या मुलाच्या नावानं ते काय अपलोड करतील याची जबाबदारी तुमच्या मुलावर येते. अमेरिकी सरकारची ‘एज्युकेशन यूएसए’ ही समुपदेशन सेवा आहे, तिची मूलभूत माहिती फुकट मिळते.

प्रश्न: मुलीला प्रवेश नाकारला गेला, त्याला दहा दिवस झाले. ती जेवते, कॉलेजला जाते, पण बोलत नाही. नातेवाईक रोज फोन करून ‘अमेरिकेचं काय झालं’ विचारतात. आम्ही काय बोलावं? (आई, परभणी)

नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, तिच्या हातात देऊ नका. ‘एका ठिकाणचं नाही झालं, बाकीचं मार्चमध्ये कळेल’ एवढं एकच वाक्य घरातल्या सगळ्यांनी वापरायचं. कुणाला काय सांगायचं ते तिला विचारून ठरवा.

तिच्याशी बोलताना ‘जे होतं ते चांगल्यासाठी’, ‘त्यांचंच नुकसान’, ‘तरी मी म्हणत होते’ ही तिन्ही वाक्यं टाळा. तिला दिलासा हवा असेल असं धरून चालू नका. बऱ्याचदा मुलांना आईवडिलांचा पैसा आणि वेळ वाया गेल्याची टोचणी असते. ‘फीचे पैसे गेले त्याचं आम्हाला काही वाटत नाही’ असं स्वच्छ सांगा, अर्थात खरं असेल तर. जानेवारीचे अर्ज राहिले असतील तर ‘किती झाले’ हे रोज विचारू नका. एक दिवस ठरवा, त्या दिवशी शेजारी बसून फी भरा, कागद स्कॅन करा. हातात काम असलं की बोलणं आपोआप निघतं.

तिची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असं ती म्हणू लागली असेल किंवा आपल्या वस्तू वाटायला लागली असेल, तर वाट पाहू नका. तिला एकटं ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न: मुलाला प्रवेश मिळाला, मदतही पूर्ण. आता बोर्डाची परीक्षा नावापुरती दिली तर चालेल का? आणि गावात फ्लेक्स लावायला हरकत नाही ना? (पालक, धाराशिव)

बोर्डाची परीक्षा नीट द्यायची. प्रवेश अंतिम निकालाच्या अटीवर असतो. मे महिन्यात कॉलेज अंतिम गुणपत्रक पाठवतं आणि अंदाजे ९२ टक्के सांगून ७० आले तर खुलासा मागतात, प्रवेश काढूनही घेऊ शकतात. शिवाय व्हिसाचं काही फिसकटलं तर भारतातल्या प्रवेशाला हेच गुण लागतील.

फ्लेक्सला हरकत आमची कशाला असेल? मदतीचं लेखी पत्र हातात आल्याची आणि होकार कळवल्याची खात्री करा, मग लावा. फक्त प्रवेशपत्राचा फोटो छापू नका. त्यावर अर्जक्रमांक असतो, आणि त्यासह फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो.

पुढचं काम पासपोर्टचं. नसेल तर आजच अर्ज करा. सगळ्या कागदांवरची नावं, जन्मतारीख आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळतात का बघा. मग विद्यापीठाकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र) येतं, अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीची सेव्हिस फी ३५० डॉलर, त्यानंतर व्हिसाच्या अर्जाचा डीएस-१६० फॉर्म आणि मुंबई किंवा हैदराबादला मुलाखत. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ, पण तारीख जिथं आधी मिळेल तिथं जा.

प्रश्न: ऑक्सफर्डची मुलाखत डिसेंबरमध्ये ऑनलाइन झाली. निकाल कधी? (विद्यार्थी, लातूर)

ऑक्सफर्डचा जानेवारीच्या मध्याला, केंब्रिजचा जानेवारीच्या अखेरीस. मिळालेला प्रवेश बहुधा सशर्त असतो: अमुक विषयांत अमुक गुण. स्टेट बोर्डाच्या गुणांबाबतची त्यांची अट शब्दशः वाच आणि शंका असेल तर थेट कॉलेजला लिही. अमेरिकेसारखी घसघशीत मदत पदवीसाठी इंग्लंडमध्ये क्वचित मिळते. व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहावी लागते, मधे एक दिवस कमी झाली तरी अर्ज फेटाळतात.

प्रश्न: मी हिंगोली जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात उपप्राचार्य आहे. आमच्या इतिहासात पहिल्यांदाच एका विद्यार्थिनीनं असा अर्ज केला आणि ती डिफर झाली. कॉलेजकडून काही कमी पडलं का, आणि आता काय पाठवायचं? (उपप्राचार्य)

असं विचारणारे फार थोडे, म्हणून सविस्तर सांगतो.

अर्ज वाचणाऱ्यानं तुमच्या कॉलेजचं नाव बहुधा पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. त्याला तुमच्या ८५ टक्क्यांचा अर्थ कळत नाही. तो सांगायचं काम ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचं एक-दोन पानांचं पत्रक करतं. ते गेलं नसेल तर मिड-इयर रिपोर्टसोबत पाठवा. त्यात लिहा: गाव कुठं आहे, कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित, बारावीला किती मुलं, कुठले विषय शिकवता, प्रयोगशाळा कितपत चालते. बोर्ड कुठलं, एकूण गुण ६००, उत्तीर्णतेला ३५ टक्के. मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडे ७५ टक्क्यांच्या वर किती, ९० च्या वर किती. हा आकडाच सगळ्यात बोलका. तुमच्या ग्रामीण कॉलेजात ९० च्या वर दोनच मुलं गेली असतील, तर या विद्यार्थिनीचे ८८ वेगळे दिसतात.

गुण टक्क्यांतच द्या. कुणीतरी इंटरनेटवरून सूत्र काढून चारपैकी जीपीए (अमेरिकी पद्धतीची सरासरी श्रेणी) बनवून देतं. ते करू नका, विद्यापीठांना ते नको असतं आणि हटकून चुकतं.

अकरावीचा प्रश्न नाजूक आहे. बोर्डाच्या वर्षासाठी अकरावी कशीबशी उरकायची आणि सगळ्यांना सरसकट गुण द्यायचे, हे सर्रास चालतं. क्लासशी जोडलेल्या कॉलेजांत तर हजेरीही कागदावरच असते. अमेरिकेत मात्र नववी ते बारावी चारही वर्षं बघतात. गुणपत्रकात फेरफार करायचा विचारही करू नका. अकरावीचं मूल्यमापन तुमच्याकडे कसं होतं, हे प्रोफाइलमध्ये दोन प्रामाणिक वाक्यांत लिहा. सराव परीक्षेचे कागद बोर्डापेक्षा कडक तपासत असाल तर तेही लिहा: मागच्या वर्षी सराव परीक्षेत सरासरी किती होती आणि त्याच मुलांना बोर्डात किती मिळाले.

शिफारसपत्राबाबत एक विनंती. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत सोडा. मुलीच्या निबंधाची भाषा आणि तीन शिक्षकांच्या पत्रांची भाषा एकच निघाली की सगळा अर्ज संशयात येतो. तुमचं इंग्रजी साधं असेल तर साधंच राहू द्या. तिनं प्रयोगात काय चूक शोधली, वर्गात कुणाला काय समजावलं, असा एक प्रसंग ‘हुशार, कष्टाळू, नम्र’ या तीन विशेषणांपेक्षा खूप पुढे नेतो.

तांत्रिक बाजू: कॉमन ॲपचं निमंत्रण समुपदेशकाच्या ईमेलवर येतं, प्राचार्य किंवा उपप्राचार्य ती भूमिका घेऊ शकतात, आईवडील घेऊ शकत नाहीत. कॉलेजच्या डोमेनचा ईमेल असेल तर तोच वापरा. नुसत्या जीमेलवरून गेलेल्या पत्राची खातरजमा करायला विद्यापीठ कॉलेजच्या फोनवर किंवा वेबसाइटवरच्या पत्त्यावर संपर्क करू शकतं, तेव्हा वेबसाइटवरचा क्रमांक चालू आहे का ते तपासा आणि कार्यालयातल्या बाबूंना सांगून ठेवा. निमंत्रण स्पॅममध्ये पडतं, तिथंही बघा. मिड-इयर रिपोर्टची मुदत साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असते, आणि तेव्हा तुम्ही बोर्डाच्या केंद्रावर अडकलेले असाल. म्हणून सराव परीक्षेचे गुण लागले की जानेवारीतच तो भरून टाका. शिक्का उमटलेला, सरळ स्कॅन केलेला एकच पीडीएफ पाठवा; मोबाइलवर तिरके काढलेले पाच फोटो नकोत.